दस्तऐवज-स्वरूपांची स्पर्धा

मजकूर, हिशेबाचे तक्ते व सादरीकरणे कोणत्या रचनेत साठवावीत यावरून सॉफ्टवेअर कंपन्यांत चालत आलेली चढाओढ. बेळगाव सीमाभागातील मराठी-कन्नड व्यवहारात तिला लिपीचा एक वेगळा पदर आहे.

स्पर्धेचा आरंभ कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो १९८०च्या दशकातील वर्डस्टार व वर्डपरफेक्ट या मजकूर-लेखनाच्या प्रोग्रॅमपर्यंत मागे नेतात. मात्र त्या काळी भांडण प्रोग्रॅमच्या खपाचे होते, फाइलीची रचना त्यामागून येई. स्वरूपालाच मानकाचा दर्जा मिळवण्याची धडपड मे २००५ मध्ये ओएसिस या मानकसंस्थेने ओपन डॉक्युमेंट (ओडीएफ) हे खुले स्वरूप मान्य केल्यानंतर ठळक झाली, म्हणून तेथून गणना करणे अधिक सयुक्तिक वाटते. ओडीएफ २००६ मध्ये आयएसओ व आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थांचे २६३०० क्रमांकाचे मानक ठरले. मायक्रोसॉफ्टचे ऑफिस ओपन एक्सएमएल (ओओएक्सएमएल) हे प्रतिस्पर्धी स्वरूप डिसेंबर २००६ मध्ये एक्मा या मानकसंस्थेने स्वीकारले. आयएसओच्या सप्टेंबर २००७ मधील मतदानात ते नापास झाले आणि दुरुस्त्यांनंतर २००८ मध्ये २९५०० या क्रमांकाने मान्य झाले. भारतीय मानक ब्यूरोचे मत विरोधात होते. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांनी केलेली अपिले त्याच वर्षी फेटाळली गेली.

ओओएक्सएमएलवरील आक्षेपांपैकी १९०० या सालाविषयीचा आक्षेप विशेष गाजला. १९०० हे लीप वर्ष नाही, कारण ते शतकी वर्ष असून त्याला ४०० ने नि:शेष भाग जात नाही. लोटस १-२-३ या हिशेबी तक्त्यांच्या जुन्या प्रोग्रॅमने मात्र ते लीप धरले, जुन्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक उचलली, आणि कधीच न उगवलेली २९ फेब्रुवारी सहा हजारांहून अधिक पानांच्या मसुद्यात जाऊन बसली.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ओडीएफ की ओओएक्सएमएल हा वाद डीटीपीच्या दुकानांपर्यंत फारसा पोहोचलेला दिसत नाही. तेथे फाइल उघडते. मजकूर उमटेल की नाही हा प्रश्न असतो. मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी वा सी-डॅकचे आयएसएम, कन्नडसाठी कन्नड गणक परिषदेचे नुडी अशी साधने रूढ झाली. त्यांच्या जुन्या फॉण्टांत देवनागरी व कन्नड आकार रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर बसवलेले असत. परिणामी दुभाषिक अर्जात मराठी ओळ कोणती व कन्नड कोणती हे केवळ त्या ओळीला लावलेल्या फॉण्टच्या नावावरून ठरते. ते नाव गळाले की दोन्ही भाषा सारख्याच रोमन गिचमिडीत जातात. ओडीएफ व ओओएक्सएमएल दोन्ही पाश्चात्त्य आणि (देवनागरी, कन्नड यांसारख्या) संयुक्त लिपींसाठी फॉण्टचे नाव वेगवेगळ्या खणांत ठेवतात. जुन्या फॉण्टचा मजकूर पाश्चात्त्य खणात पडतो, युनिकोडमधील (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या मानकातील) देवनागरी दुसऱ्यात. स्वरूप खुले असले तरी आतला मजकूर फॉण्टविक्रेत्याकडे गहाण राहतो, ही बाब मानकांच्या चर्चेत उपेक्षितच राहिली.

युनिकोडमध्ये रूपांतर करतानाही मराठीची एक अडचण उरते. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील र दोन प्रकारे साठवता येतो: नुक्तायुक्त ऱ व हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. युनिकोड पहिल्या प्रकाराला प्राधान्य देते, पण दुसराही आढळतो. कागदावर दोन्ही एकच दिसतात. शोध घेताना मात्र एक सापडतो, दुसरा निसटतो. मतदारयाद्या व सातबारा यांसारख्या नावांच्या नोंदींत याचे महत्त्व उघड आहे.

केंद्र शासनाने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. छपाईसाठी फाइल पाठवताना पीडीएफ सोयीचे पडते (अडोबी, १९९३, आयएसओ ३२०००, २००८), कारण फॉण्ट त्यातच अंतर्भूत करता येतो. मात्र जुन्या फॉण्टमधील मजकूर त्यातून कॉपी केल्यास पुन्हा रोमन अक्षरेच हाती येतात.