गर्भातले व्यंग, चुकलेली सोनोग्राफी आणि वीस आठवड्यांची मर्यादा

सोनोग्राफीत दिसायला हवे होते ते व्यंग दिसले नाही, म्हणून भरपाई द्या, असे दावे आपल्याकडे मुख्यतः ग्राहक आयोगांपुढे चालतात. ही वाट १९९५ मध्ये मोकळी झाली. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ठरवले.

इतर वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांहून हे दावे वेगळे आहेत. बाळाच्या हृदयातला दोष डॉक्टरने निर्माण केलेला नसतो. आईवडिलांची तक्रार एवढीच असते की, वेळेत कळले असते तर गर्भ ठेवायचा की नाही, हे आम्ही ठरवले असते. त्यामुळे नुसती चूक दाखवून भागत नाही. व्यंग त्या आठवड्यात दिसण्याजोगे होते आणि नेहमीच्या कौशल्याच्या डॉक्टरने ते टिपले असते, हे तर दाखवावे लागतेच. शिवाय कळल्यानंतर गर्भपात कायद्याने शक्य होता का, हा प्रश्न उरतोच. खरी अडचण इथे होती.

१९७१ च्या गर्भपात कायद्याने वीस आठवड्यांची मर्यादा घातली. बाळ गंभीर अपंगत्व घेऊन जन्मेल अशी भरीव शक्यता असली, तरी गर्भपात त्या मर्यादेतच करायचा. त्यापुढे परवानगी फक्त आईचा जीव वाचवण्यासाठी. हा कायदा झाला तेव्हा आजच्यासारखी सोनोग्राफी नव्हती. पुढे ॲनोमली स्कॅन, म्हणजे गर्भातली व्यंगे शोधणारी सोनोग्राफी, रूढ झाला, तो साधारण अठरा ते वीस आठवड्यांत. त्यात शंका आली की हृदयाची इको, गर्भजलाची तपासणी, अहवालाची वाट, आणि तोवर मुदत संपलेली. दाव्यात याचा फायदा थेट डॉक्टरच्या बाजूला होई. विसाव्या आठवड्यानंतरच्या स्कॅनमध्ये चूक झाली असेल, तर ‘दिसले असते तरी तुम्हाला काही करता आले नसते’ असे उत्तर आयते तयार असे. चूक डॉक्टरची, पण तिचे मोल ठरवणारा आकडा भलत्याच कायद्यात लिहिलेला.

२००८ मध्ये ही अडचण मुंबई उच्च न्यायालयापुढे उघडी पडली. मुंबई परिसरातल्या एका महिलेला चोविसाव्या आठवड्यात कळले की, बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांत अडथळा आहे आणि मोठ्या रक्तवाहिन्यांची जागाही चुकली आहे. पती आणि डॉक्टर यांच्यासह तिने परवानगी मागितली. सरकारी रुग्णालयातल्या तज्ज्ञ समितीने आधी अपंगत्वाची बऱ्यापैकी शक्यता लिहिली, मग दुरुस्ती करून ती अगदी कमी असल्याचे कळवले. एवढ्या नाजूक बाबतीत अहवालाचा अर्थच उलटावा, ही गोष्ट आजही खटकते. न्यायालयाने ऑगस्टमध्ये याचिका फेटाळली. कायद्यात नसलेले अपवाद आम्ही घालू शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. शिवाय गंभीर अपंगत्वाची भरीव शक्यताही तज्ज्ञांच्या मतातून दिसत नाही, असे ते म्हणाले. काही दिवसांतच त्या महिलेचा नैसर्गिक गर्भपात झाला.

निकाल कायद्याच्या शब्दांना धरून होता, हे मान्य. पण आयुष्यभराची शुश्रूषा जिच्या वाट्याला येणार होती, तिचे मत त्या शब्दांत कुठेच नव्हते. कायदा बदलायला तेरा वर्षे लागली. तोवर एकेक महिला न्यायालयात जात राहिली. २०१६ मध्ये आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चोविसाव्या आठवड्यात परवानगी दिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये मात्र डाउन सिंड्रोम (गुणसूत्रांतला जन्मजात दोष) असलेल्या, सव्वीस आठवड्यांच्या गर्भासाठी ती नाकारली.

सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने गर्भात ठळक विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने निदान केल्यास आठवड्यांची मर्यादाच काढून टाकली. त्यानंतर उशिराच्या स्कॅनमधल्या चुकीलाही वजन आले. ‘मुदत संपली होती’ हे उत्तर आता पूर्वीसारखे पुरत नाही. मंडळाने परवानगी दिली असती का, असा प्रश्न विचारावा लागतो. त्याआधीच्या गर्भारपणांचे दावे मात्र जुन्या मर्यादेनेच तोलले जाणार.

नागपूरचे एक प्रकरण असेच जुन्या कायद्याच्या काळातले. तिथल्या एका सोनोग्राफी केंद्रात वारंवार तपासणी होऊनही बाळाच्या हातापायांतली व्यंगे निसटली. हात-पाय अठराव्या आठवड्याच्या सुमारास नीट पाहता येतात, म्हणजे ही चूक वीस आठवड्यांच्या आतली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये सव्वा कोटी रुपयांची भरपाई दिली आणि ती मुलाच्या उपचारांसाठी, कृत्रिम अवयवांसाठी ठेवायला सांगितली.

रेडिओलॉजिस्टांची बाजूही खोटी नाही. गर्भजल कमी असेल, बाळ पाठमोरे असेल, आईच्या पोटावर चरबी जास्त असेल, तर चित्र धूसर येते; काही दोष तर शेवटच्या तिमाहीतच दिसू लागतात. म्हणून अहवालाखाली ‘सर्व व्यंगे दिसतीलच असे नाही’ ही ओळ छापलेली असते. पण हात-पाय न पाहताच ‘नॉर्मल’ लिहिले असेल, तर ती ओळ ढाल होऊ शकत नाही.

१९९५ च्या निकालाने सर्वांना मोफत सेवा देणारी रुग्णालये ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. अशा रुग्णालयात मोफत सोनोग्राफी झालेल्या बाईला तोच दावा दिवाणी न्यायालयात न्यावा लागतो. तिथे भरपाईच्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी लागते आणि निकालाला वर्षानुवर्षे जातात.