पिवळ्या पासपोर्टापासून पॅरोलपर्यंत : सुटून आलेल्या कैद्याच्या गुन्हेपटाची पार्श्वभूमी

तुरुंगाचं दार उघडतं, हातात एक पिशवी घेऊन माणूस बाहेर येतो आणि दोन तासांच्या आत पुन्हा त्याच शहराच्या, त्याच माणसांच्या तावडीत सापडतो. या जातीच्या गुन्हेपटांचं कथानक साधारण एवढंच असतं. आता सरळ जगायचं असं ठरवलेला नायक, त्याला गळ घालणारा जुना साथीदार, 'शेवटचं एकच काम' आणि मग घसरण, हे सगळं प्रेक्षकाला तोंडपाठ झालं आहे. मात्र या चित्रपटांचा इतिहास चाळला तर खरा खलनायक बऱ्याचदा तो साथीदार नसतोच. तो असतो एक कागद. कोणत्या काळात सुटलेल्या माणसाच्या हातात सरकारनं कोणता कागद ठेवला आणि त्यावर कुठल्या अटी लिहिल्या, त्यावर त्या काळची गोष्ट ठरत गेली.

सुरुवात सिनेमाच्या कितीतरी आधीची आहे. व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' १८६२ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक जाँ वालजाँ पाव चोरल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा भोगायला जातो आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे ती वाढत वाढत एकोणीस वर्षांवर पोहोचते. सुटताना त्याला पिवळा पासपोर्ट मिळतो. वाटेतल्या गावात तो नगरपालिकेत दाखवावा लागतो, आणि दाखवला की तासाभरात बातमी खाणावळीपर्यंत पोहोचते. खिशात पैसे असूनही त्याला जेवण मिळत नाही, खोली मिळत नाही. शेवटी तो गावातल्या तुरुंगाचंच दार ठोठावतो. पहारेकरी त्याला ऐकवतो की ही काही धर्मशाळा नाही, आत यायचं तर आधी अटक करून घे. पुढच्या दीडशे वर्षांत या प्रकारात जे जे आलं, त्यातलं बरंचसं या एका रात्रीत आहे.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये प्रश्न वेगळ्या अंगानं पेटला होता. ऑस्ट्रेलियातल्या वसाहती इंग्लंडमधून पाठवलेले कैदी घ्यायला नकार देऊ लागल्या, तेव्हा त्यांना मायदेशातच ठेवणं आणि कधीतरी सोडणं भाग पडलं. १८५३ च्या कायद्यानं शिक्षेचा उरलेला भाग परवान्यावर बाहेर काढण्याची सोय केली. या परवान्याला 'टिकेट ऑफ लीव्ह' म्हणत. १८६२ साली लंडनमध्ये वाटसरूंचा गळा आवळून लूटमार झाल्याच्या बातम्यांनी घबराट पसरली आणि वर्तमानपत्रांनी सगळं खापर या परवानाधारकांवर फोडलं. पुढच्याच वर्षी टॉम टेलरचं 'द टिकेट ऑफ लीव्ह मॅन' हे नाटक तिथल्या रंगभूमीवर आलं आणि तुफान चाललं. खोट्या नोटांच्या प्रकरणात विनाकारण अडकलेला एक भाबडा तरुण सुटून येतो, नोकरीला लागतो, कुणीतरी त्याचं बिंग फोडतं, नोकरी जाते आणि जुनी टोळी त्याला दरोड्यात ओढू पाहते. आजच्या पटकथेचा सांगाडा तेव्हाच उभा राहिला होता. सरकारनं मात्र नाटकातला बोध काही घेतला नाही. १८६४ च्या कायद्यानं परवान्यावरच्या पुरुषांना दर महिन्याला पोलिसांपुढे हजेरी सक्तीची केली.

या परवान्यामागची कल्पना मुळात सुधारकांची होती. अलेक्झांडर मॅकोनोकीनं १८४० मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावर चांगल्या वर्तनाचे गुण मोजून कैद्याला टप्प्याटप्प्यानं मोकळीक देण्याचा प्रयोग सुरू केला. आयर्लंडमध्ये तो आणखी विकसित झाला आणि न्यूयॉर्क राज्यात १८७६ साली उघडलेल्या एल्मायराच्या सुधारगृहामार्फत अमेरिकेत रुजला. आपण चित्रपटांत पाहतो तो पॅरोल ऑफिसर, म्हणजे मुदतीआधी अटींवर सोडलेल्या कैद्यावर नजर ठेवणारा अधिकारी, याच वंशावळीतला.

शहर या गोष्टीत खऱ्या अर्थानं शिरलं ते बर्लिनमध्ये. आल्फ्रेड डोब्लिनच्या १९२९ च्या 'बर्लिन अलेक्झांडरप्लाट्झ' या कादंबरीत फ्रान्झ बिबरकॉप्फ चार वर्षांनी टेगेलच्या तुरुंगातून बाहेर पडतो आणि दाराशीच उभा राहतो. एकामागून एक ट्राम येतात, तो चढत नाही. पुढे शहरात पोहोचल्यावर त्याला भीती वाटते की घरांची छपरं घसरून अंगावर पडतील. तुरुंगाच्या दाराशीच डोब्लिन लिहितो की शिक्षा आता सुरू होते. जर्मन दिग्दर्शक फासबिंडरनं १९८० साली या कादंबरीची चौदा भागांची मालिका केली, तेव्हा पहिल्या भागाला हेच नाव दिलं. त्याआधी १९३१ मध्येच तिच्यावर चित्रपट आला होता आणि त्याच्या पटकथेत स्वतः डोब्लिनचा हात होता. बिबरकॉप्फ निष्पाप नाही, हे इथे महत्त्वाचं. त्यानं आपल्या मैत्रिणीला मारहाण करून तिचा जीव घेतलेला आहे. अशा माणसाच्या सरळ जगण्याच्या धडपडीत वाचकाला गुंतवणं हे धाडस होतं, आणि हॉलिवूडला ते जमायला पुढची जवळपास पन्नास वर्षं लागली.

हॉलिवूडची अडचण काही अंशी कायद्यासारखीच होती. १९३० मध्ये स्वीकारलेली आणि १९३४ पासून कडक राबवलेली निर्मिती संहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याची चित्रपटउद्योगाची नियमावली, गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटू देत नसे. मग पटकथाकारांनी सोपी वाट काढली आणि नायकाला निर्दोषच करून टाकलं. नाझींच्या जर्मनीतून बाहेर पडलेल्या फ्रिट्झ लांगनं १९३७ मध्ये 'यू ओन्ली लिव्ह वन्स' केला. हेन्री फोंडाचा एडी सुटून येतो, लग्न करतो, आणि मधुचंद्राच्या रात्रीच सराईचा मालक गुन्हेकथांच्या मासिकातलं छायाचित्र ओळखून दोघांना बाहेर काढतो. वालजाँचा पिवळा पासपोर्ट आता छापखान्यातून आला होता. पुढच्याच वर्षी लांगनं 'यू अँड मी' काढला, सुटलेल्या कैद्यांना मुद्दाम नोकरी देणाऱ्या एका मोठ्या दुकानाची गोष्ट. पॅरोलवरच्या व्यक्तीला लग्नाची बंदी होती, ती अट लपवून नायिका लग्न करते. शेवटाकडे ती टोळीला फळ्यावर आकडेमोड करून दाखवते की खर्च वजा जाता दरोडा परवडत नाही. चित्रपट धड प्रेमकथा नाही, धड गुन्हेपट नाही, म्हणून त्याची चेष्टाही झाली. मला मात्र तो या यादीतला सर्वांत चतुर चित्रपट वाटतो.

चित्रपटांच्या अंगावर शहराची खरी धूळ आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. हेन्री हॅथवेचा 'किस ऑफ डेथ' (१९४७) न्यूयॉर्कमध्ये प्रत्यक्ष जागांवर चित्रित झाला. तुरुंगाची नोंद असल्यामुळे नायकाला वर्षभर काम मिळालेलं नाही, एवढं निवेदक सुरुवातीलाच सांगतो आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी दरोडा सुरू होतो. कारण एका वाक्यात उरकायचं आणि पुढे जायचं, ही सवय या प्रकाराला तिथूनच लागली असावी.

फ्रेंचांनी उलट केलं. त्यांना कारणाची गरजच वाटली नाही. कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेत काळ्या यादीत गेलेल्या दिग्दर्शक ज्यूल्स डासाँनं पॅरिसमध्ये 'रिफिफी' (१९५५) केला. पाच वर्षांनी सुटलेला, खोकणारा, थकलेला टोनी त्यात अर्ध्या तासाचा दरोडा एकाही संवादाशिवाय पार पाडतो. मेलव्हिलच्या 'ल सर्कल रूज' (१९७०) मध्ये तर सुटकेच्या आदल्या रात्री खुद्द तुरुंगाचा पहारेकरीच आलाँ देलाँच्या कोठडीत येऊन दागिन्यांच्या दुकानाची खबर देतो. इथे गुन्हा हे नशीब आहे, नोकरी मिळते की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. तो प्रश्न तिथे परत आणला जोजे जोवानीनं. त्याला स्वतःला १९४८ मध्ये मृत्युदंड झाला होता. तो माफ होऊन १९५६ मध्ये तो सुटला. त्याच्या १९७३ च्या चित्रपटात देलाँ छापखान्यात कामाला लागलेला सुटका कैदी आहे आणि जुना इन्स्पेक्टर त्याची पाठ सोडत नाही. शेवट गिलोटिनवर होतो. फ्रान्समध्ये देहदंड रद्द व्हायला तेव्हा आठ वर्षं अवकाश होता.

आपल्याकडे व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हाच प्रश्न घेतो, पण कैद्यांना शहरापासून दूर शेतावर नेऊन. शहर आलं की ते बिघडतात, हे त्यातही आहेच.

या सगळ्या प्रवासातला कळीचा चित्रपट म्हणजे 'स्ट्रेट टाइम' (१९७८). तो आला एडवर्ड बंकरच्या १९७३ च्या कादंबरीवरून. बंकर सतरा वर्षांचा असताना सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात पोहोचला होता आणि ती कादंबरी त्यानं आत असतानाच लिहिली. डस्टिन हॉफमननं हक्क घेतले, स्वतः दिग्दर्शन सुरू केलं आणि मग ते उलू ग्रोसबार्डकडे सोपवलं. मॅक्स डेम्बो सशस्त्र दरोड्याची सहा वर्षांची शिक्षा भोगून लॉस एंजेलिसमध्ये येतो. पहिल्याच भेटीत पॅरोल ऑफिसर त्याला झापतो, कारण ठरवून दिलेल्या निवाऱ्याऐवजी तो रात्री दुसरीकडेच झोपला. मग डब्यांच्या कारखान्यात नोकरी, एक मैत्रीण, भाड्याची खोली असं सगळं रांगेला लागतं. एक मित्र त्या खोलीत येऊन नशा करतो, ऑफिसरला जळक्या काड्या सापडतात आणि मॅक्स पुन्हा गजाआड. तपासणीत तो निर्दोष ठरतो, पण त्यानं काहीच बदलत नाही.

हा प्रसंग कुणाला अतिरंजित वाटेल, तसा तो नव्हता. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'मॉरिसी विरुद्ध ब्रुअर' खटल्यात पॅरोल रद्द करण्याआधी सुनावणी आवश्यक ठरवली. त्याआधी अनेक ठिकाणी ऑफिसरचा अहवाल तेवढा पुरे असे. निकालानंतरही सुनावणी होईपर्यंत माणूस आतच बसू शकत होता. बंकरला हे पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं. म्हणूनच मॅक्स निष्पाप नाही, गोडही नाही, आणि भर रस्त्यात ऑफिसरला कुंपणाला बेड्यांनी अडकवून, त्याची पँट खाली ओढून पळतो, तेव्हा प्रेक्षकाला आनंद होतो आणि त्या आनंदाची लाजही वाटते.

त्या पटकथेवर नाव न येता काम केलेला मायकल मान पुढे हा धागा घेऊन गेला. 'थीफ' (१९८१) मधला चोर दत्तक मूल मागायला जातो आणि तुरुंगवासाच्या नोंदीमुळे नाकारला जातो. ते मूल त्याला मिळवून देतो टोळीचा म्होरक्या, म्हणजे जे सरकारी कागद देत नाही ते गुन्हेगार देतो. 'हीट' (१९९५) मध्ये पॅरोलवरचा एक स्वयंपाकी आहे, ज्याच्या पगारातला चौथा हिस्सा मालक स्वतःच्या खिशात घालतो. नोकरी गेली तर परत तुरुंग, हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. पुढे गाडी चालवायला माणूस हवा, असं जुना मित्र विचारतो आणि तो एप्रन काढून निघतो. एवढ्या मोठ्या चित्रपटात या माणसाच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आहेत, पण वेगळा चित्रपट खरं तर त्याच्यावर व्हायला हवा होता.

दरम्यान बाहेरचं जग बदललं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तुरुंगात असलेल्यांची संख्या ३ लाखांच्या आसपास होती, ती नव्या शतकात २० लाखांच्या वर गेली. १९८४ च्या कायद्यानं केंद्रीय गुन्ह्यांसाठी पॅरोल बंद केला. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियानं तिसऱ्या गुन्ह्याला २५ वर्षं ते जन्मठेप असा नियम केला. साहजिकच पडद्यावरची शेवटच्या कामाची जोखीमही कितीतरी पटींनी वाढली. इतके लोक सुटून येत होते की नायक एकटा, अपवादात्मक राहिला नाही. 'ब्लाइंडस्पॉटिंग' (२०१८) मध्ये तर परिवीक्षेचे, म्हणजे देखरेखीखाली बाहेर राहण्याच्या काळाचे, शेवटचे तीन दिवस एवढीच मुदत आहे, आणि रात्री अकराची वेळ पाळायची म्हणून घरी निघालेला नायक पोलिसांचा गोळीबार पाहतो. बाईच्या वाट्याला हा प्रकार क्वचितच आला. 'शेरीबेबी' (२००६) हा ठळक अपवाद, आणि तिथे प्रश्न दरोड्याचा नसून मुलीच्या ताब्याचा आहे.

सध्या हा धागा सर्वांत पुढे नेलाय जपाननं. २०११ पर्यंत तिथल्या सगळ्या प्रांतांत याकुझांशी, म्हणजे जपानी गुन्हेगारी टोळ्यांशी, व्यवहार टाळण्याचे नियम लागू झाले. टोळी सोडल्यावरही साधारण पाच वर्षं बँकेत खातं उघडणं किंवा घर भाड्यानं घेणं अवघड झालं. मिवा निशिकावाचा 'अंडर द ओपन स्काय' (२०२०) रयुझो साकीच्या ज्या कादंबरीवर आधारलेला आहे, तिचं नावच तुरुंगातल्या कैद्याच्या नोंदवहीवरून घेतलेलं आहे. तेरा वर्षांनी सुटलेला मिकामी सरकारी मदतीसाठी अर्ज करतो, सुपरमार्केटचा व्यवस्थापक त्याच्यावर चोरीचा आळ घेतो, आणि तुरुंगात असताना मुदत संपलेला वाहन परवाना परत मिळवायला तो चाचणीला बसतो. गाडी इतकी बेफाम हाकतो की परीक्षक घाबरतो. या चित्रपटात एकही दरोडा नाही.