प्रकाशन-तपशील अपुरा असलेल्या साधनांचा संदर्भ

लेखक, प्रकाशक, स्थळ किंवा वर्ष यांपैकी काही छापलेले नसलेल्या पुस्तकाचा वा पत्रकाचा संदर्भ देण्याची पद्धत. ग्रामीण विदर्भाचा इतिहास लिहिणाऱ्याला असे साहित्य पदोपदी भेटते : देवस्थानाचे माहात्म्य, भजनांच्या चोपड्या, यात्रेच्या स्मरणिका, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांची हँडबिले. १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर मुद्रकाचे नाव व छपाईचे स्थळ देणे बंधनकारक केले होते; प्रत्येक चोपडीने तो पाळला असे मात्र नाही.

नियम साधा आहे. जे छापलेले नाही ते ‘प्रकाशक नाही’, ‘वर्ष नाही’ असे नोंदवावे, जे आपण तर्काने ठरवले ते चौकटी कंसात द्यावे आणि शंका असल्यास पुढे प्रश्नचिन्ह घालावे : [१९६०?]. जुन्या ग्रंथसूचींत यासाठी ‘साइने लोको’ (स्थळ नाही), ‘साइने नोमिने’ (नाव नाही) या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे येत. मराठीत त्यांची गरज नाही.

खरे काम वर्ष ठरवण्याचे. किंमत आण्यांत असेल तर छपाई बहुधा १९५७ च्या दशमान नाण्यांआधीची. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ च्या आसपासची. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘जि. गडचिरोली’ म्हटले की १९८२ च्या अलीकडची, ‘जि. वाशिम’ असेल तर १९९८ च्या. वाचनालयाचा दाखल-शिक्का उलट बाजूची मर्यादा देतो : त्या तारखेला पुस्तक अस्तित्वात होते, एवढेच. पुनर्मुद्रण मात्र फसवते, कारण आत जुनी प्रस्तावना तशीच असते.

शके दिलेले असेल तर ७८ मिळवतात. पण माघ-फाल्गुनातल्या यात्रेची स्मरणिका असेल तर ७९ मिळवावे लागतात; शके १८७९ चा माघ १९५८ मध्ये येतो. हँडबिलांची गंमत वेगळी. त्यांवर वार, तारीख, महिना सगळे ठळक असते, फक्त सन नसतो. उद्याच्या प्रयोगाला सन कशाला? तरी वार-तारखेची जोडी ५, ६ किंवा ११ वर्षांनीच पुन्हा जुळते, त्यामुळे उमेदवार वर्षे थोडीच उरतात.

प्रत एखाद्याच्या घरच्या पेटीत असेल तर गाव, तालुका आणि ती पाहिल्याची तारीखही संदर्भात द्यावी. दुसरी प्रत बहुधा नसतेच.