ताना लिहून द्याव्यात का? बेळगाव सीमाभागातल्या गायनशिक्षणाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलांची गाडी मध्यमा या मधल्या टप्प्याच्या परीक्षेच्या आसपास हमखास अडते. चीज, म्हणजे रागात बांधलेलं गीत, पाठ असते, राग ओळखता येतो, आधीच्या परीक्षांना पहिला वर्गही मिळालेला असतो. पण तबल्यावर ठेका सुरू झाला आणि ‘आता आपल्या मनानं गा’ असं कुणी सांगितलं, की तालाच्या दोन आवर्तनांत, म्हणजे दोन फेऱ्यांत, गळा थांबतो. पालक म्हणतात, मुलाला सुचत नाही. मला हे निदान अन्यायाचं वाटतं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत गाणं शिकवण्याची जी पद्धत इथं घडत गेली, तिच्यात या अडचणीची मुळं आहेत. त्यातही ताना, म्हणजे रागातल्या स्वरांच्या द्रुत ओळी, वहीत लिहून देण्याच्या सवयीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्वाल्हेरची ख्यालगायकी मिरज-इचलकरंजीकडे आली. पुढं जयपूर-अत्रौली घराण्याचा मोठा वारसा कोल्हापूर दरबारात आला आणि किराणा घराण्याचा मिरजेत. तिथून एक धागा कुंदगोळ-हुबळीकडे गेला. बेळगाव या सगळ्यांच्या मधोमध असल्यानं इथल्या विद्यार्थ्याच्या कानावर उपजेच्या, म्हणजे गाता गाता आपल्या मनानं सुचलेल्या गाण्याच्या, तीन तऱ्हा पडल्या. ग्वाल्हेरवाले चीजेच्या शब्दांना धरून बोलआलाप आणि बहलाव्यांतून, म्हणजे संथ, झोकदार विस्तारातून, राग खुला करतात. किराण्यात एकेका स्वरावर थांबत रागाची बढत (टप्प्याटप्प्यानं वाढ) होते. तिथल्या आद्य गायकानं, अब्दुल करीम खाँ यांनी, कर्नाटक संगीत जवळून ऐकलं होतं, त्यामुळं त्या घराण्यात सरगम, म्हणजे स्वरांची नावं घेत गाणं, हेही आलं. जयपूरवाले लयीच्या अंगानं पेचदार तान बांधत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतात.

हे शिकवायची जुनी रीत म्हणजे तंबोरा घेऊन गुरूच्या मागे बसणं. गुरू आवर्तनाच्या मध्येच सूर सोडायचा आणि शिष्यानं तो उचलून मुखड्यापर्यंत, म्हणजे चीजेच्या सुरुवातीच्या तुकड्यापर्यंत, न्यायचा. चुकला तर गुरू पुढच्या आवर्तनात तीच जागा नीट गाऊन दाखवी. कागदाचा संबंध नव्हता. उपज अशी हजारदा सांभाळून घेतलेल्या धडपडीतून यायची. पण या रीतीची किंमतही जबर होती. वर्षानुवर्षं गुरुगृही राहावं लागे, चिजा दडवून ठेवल्या जात आणि साध्या घरातल्या मुलींना तर तिथं वावच नव्हता.

या बंदिस्तपणाला तडा देणारा माणूस आपल्याच भागातला, विष्णु दिगंबर पलुस्कर. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेला आणि मिरजेत तयार झालेला हा गायक १९०१ मध्ये लाहोरला गेला आणि तिथं त्यानं संगीताचं विद्यालय काढलं. वर्ग, फी, क्रमिक पुस्तकं, स्वरलिपी ही सगळी व्यवस्था त्यातून उभी राहिली. त्याच काळात मुंबईच्या एका विद्वान वकिलानं, वि. ना. भातखंडे यांनी, दुसरी, सुटसुटीत स्वरलिपी रूढ केली. लाहोरच्या परंपरेतल्या शिष्यांनी १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार हा त्याच्या परीक्षांचा जिना आज गावोगावच्या गायनवर्गांचा कणा आहे.

खरा वादाचा निर्णय या व्यवस्थेच्या पोटात होता, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. चीज लिहिणं एक वेळ ठीक. पण पुस्तकांत चीजेखाली आलाप आणि तानाही छापून येऊ लागल्या आणि शिक्षक त्या वहीत उतरवून देऊ लागले. सोळा मात्रांच्या तीनतालातली चीज खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, उठत असेल, तर समेवरून दुगुणीत (एका मात्रेला दोन स्वर) आठ मात्रांची तान घ्यायची, म्हणजे सोळा स्वर होतात आणि नवव्या मात्रेला मुखडा हाती येतो. अशा पाच-सहा ताना पाठ केल्या की परीक्षेची तयारी झाली. परीक्षकालाही सोय, कारण पाठ तान बरोबर किंवा चूक ठरवता येते. सुचलेली तान मात्र कच्ची असूनही मोलाची असू शकते, तिला गुण कसे द्यायचे?

लिहून देण्याच्या बाजूनं बरंच काही आहे. घरात गाण्याचा गंध नसलेल्या मुलाला तान म्हणजे काय, ती समेपाशी कशी पोचते, हे एकदा डोळ्यांसमोर लागतंच. सीमाभागात तर वहीनं आणखी एक काम केलं. एकाच वर्गात कुणी सा-रे-ग देवनागरीत लिहितं, कुणी कानडीत, चिजेची भाषा बहुधा ब्रज, आणि गाणं शिकताना भाषेचा वाद कुणाला आठवत नाही. हे मी कमी लेखत नाही.

पण लिहिलेली तान हा नमुना होता, तो साठा झाला. त्यापुढची तान विद्यार्थ्यानं स्वतः करायची, हे वाक्यच वर्गातून गळून गेलं. पलटे (सरावाच्या ठरावीक स्वररचना) उलटसुलट करणं, तीच तान पाचव्या मात्रेपासून धरून पाहणं, तिचं शेपूट कापून नवं जोडणं, गुरूनं अर्ध्यावर सोडलेली ओळ पुरी करणं, हे सगळं प्रवेशिकेच्या मुलाला जमतं. ते विशारदपर्यंत लांबवण्याचं कारण मला आजवर पटलेलं नाही. वरच्या टप्प्यांवर मंचप्रदर्शन येतं, तेव्हा मुलाकडं पाठांतराखेरीज काहीच नसतं.

ऐकण्याची साधनंही याच दिशेनं ओढत होती. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत ख्याल गोठला आणि पोरं तबकड्या जशाच्या तशा म्हणू लागली. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला एक मुलगा, म्हणजे कुमार गंधर्व, याच नकलेसाठी लहानपणी गाजला. पुढं मुंबईत शिकून त्यानं स्वतःचं वेगळंच गाणं घडवलं. त्याचं उदाहरण सगळे देतात, पण नकल आणि स्वतःचं गाणं यांच्यामध्ये जी वर्षानुवर्षांची तालीम होती तिच्याविषयी कुणी बोलत नाही.  

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्यानंतर मंडळाच्या परीक्षांशेजारी राज्याच्या ज्युनिअर, सीनिअर, विद्वत या परीक्षा उभ्या राहिल्या. आज काही मुलं दोन्हींना बसतात. अभ्यासक्रम दोन, वह्या दोन, पाठ करायच्या ताना दुप्पट. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. चंदगडच्या मुलाला त्याचा लाभ होतो, शेजारच्या खानापुरात कर्नाटकच्या दहावीला बसणाऱ्या मुलाला त्या गुणांचा उपयोग नाही. तरीही खानापूरचं पोर परीक्षा देतं, त्यामागं गाण्याची ओढ असते. म्हणून तरी त्याला उपज शिकवायला हवी.

आता इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि ठेका मोबाइलवर आल्यानं रियाजाला कुणाची वाट पाहावी लागत नाही. तासभर एकाच मुखड्यावर नवं काही करून बघायला ही मोठीच सोय आहे, पण तो ठेका ऐकत नाही, चुकलेल्याला समेवर आणून सोडत नाही. कोविडच्या काळात शिकवणी व्हिडिओ कॉलवर गेली आणि आवाज उशिरा पोचत असल्यानं गुरू-शिष्यांना एकत्र गाता येईना. मग गुरू एक ओळ गाऊन थांबे आणि शिष्य उत्तरादाखल दुसरी गाई. मागे बसून सूर उचलण्याची जुनी रीत नाइलाजानं का होईना, थोडीशी परत आली. ज्या वर्गांनी पुढं समोरासमोर बसल्यावरही ती चालू ठेवली, तिथली मुलं वही न उघडता दहा-दहा आवर्तनं गातात.