चेनला स्प्रे मारण्याआधी: पावसाळ्यानंतर सायकल बाहेर काढणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

पाऊस गेला की ठाण्यातल्या आमच्या दुकानात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. शनिवारी संध्याकाळी, 'उद्या पहाटे येऊरला जायचंय, तेवढं जरा बघता का?' आणि रविवारी सकाळी फोनवर, 'काका, ब्रेक लागतच नाहीये, नुसता ओरडतोय.' पहिल्याचं उत्तर दुकानाबाहेरच्या पाटीवर लिहिलेलं आहे. हे पत्रक दुसऱ्यासाठी आहे.

घडतं ते असं. जूनपासून सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये, नाहीतर गॅलरीत उभी असते. वरच्या मजल्याच्या एसीचं पाणी तिच्यावर ठिबकत असतं. ऑक्टोबर उजाडतो, ऊन पडतं, कुणीतरी ग्रुपवर 'रविवारी राइड?' असं टाकतं आणि आपल्याला सायकल आठवते. खाली जाऊन बघावं तर चेन तांबडीलाल. मग घरात दाराच्या बिजागऱ्यांसाठी आणलेला गंज सोडवायचा डब्ल्यूडी-४० स्प्रे सापडतो. त्याची बारीक लाल नळी कधीच हरवलेली असते, त्यामुळे फवारा हातभर पसरतो. पायडल उलटं फिरवत चेनवर चांगला दोन मिनिटं फवारा मारायचा. गंज काळा पडतो, चेन चमकते, मनाला बरं वाटतं. शेवटी हातातल्या त्याच फडक्याने सायकल पुसून काढायची आणि जाता जाता ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाच्या मध्यावरची धातूची तबकडी, तीसुद्धा चकाचक करायची.

झालं. ब्रेक गेला.

दुकानात आम्ही हे सांगितलं की लोक वाद घालतात. 'चेन उजव्या बाजूला, डिस्क डाव्या बाजूला, मग तेल तिथे जाईलच कसं?' अहो, मध्ये आहे काय? स्पोक. म्हणजे थोड्या तारा आणि बाकी सगळी मोकळी हवा. मागच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांवर, मारलेला फवारा स्पोकांमधून आरपार जातो आणि पलीकडच्या डिस्कवर बसतो. डोळ्यांना दिसतही नाही. आणि त्यातूनही डिस्क वाचलीच, तर ते फडकं आहेच. खरं सांगायचं तर आमच्याकडे येणाऱ्या अशा सायकलींमध्ये फवाऱ्यापेक्षा फडक्याने घात केलेल्या जास्त असतात.

ब्रेक दाबला की डिस्कला दोन्ही बाजूंनी धरतात ते पॅड. डिस्क ब्रेकच्या बहुतेक सायकलींचे पॅड रेझिनचे असतात. त्यांना बारीक छिद्रं असतात, तेल लागलं की ते आत मुरतं. सोसायटीच्या आवारात दोन चकरा मारल्या तर काही कळत नाही, ब्रेक थोडा मऊ लागतो इतकंच. उपवन तलावाकडून येऊरच्या डोंगरावर चढून जाईपर्यंतही कळत नाही, कारण चढावर ब्रेक दाबतो कोण? कळतं ते उतारावर. पॅड तापतात, आतलं तेल वर येतं, डिस्क किंचाळायला लागते आणि लीव्हर हँडलला टेकला तरी सायकल पुढेच. मागच्या वर्षी एक गृहस्थ येऊरहून सबंध उतार सायकल हाताने धरून चालत आले आणि तसेच आमच्या दारात उभे राहिले. ते शहाणे होते म्हणून चालत आले.

आता दुरुस्तीचं. डिस्क धातूची असते, तिच्यात तेल मुरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन-तीनदा पुसली की ती स्वच्छ होते. पॅडचं तसं नाही. तेल वरवर लागलेलं असेल तर आम्ही पॉलिश पेपरने घासून बघतो, कधी कधी जमतं. तेल मुरलेलं असेल तर पॅड बदलावेच लागतात. गॅसवर पॅड भाजून तेल जाळायचा उपाय पुष्कळांनी व्हिडिओत पाहिलेला असतो. आम्हीही पूर्वी करून बघितलाय, आता करत नाही. दोन दिवस बरं चालतं, पुढच्या मोठ्या उताराला तोच आवाज परत येतो आणि ग्राहक म्हणतो, 'तुम्ही नीट केलंच नाही.' त्यापेक्षा नवीन पॅडचे पैसे आधी सांगितलेले बरे. 'नुसता आवाज येतोय आणि तुम्ही पॅडच बदलायला सांगता' असं ज्यांना वाटतं, त्यांना आम्ही जुना पॅड हातात देतो. नखाने दाबा, कागदावर टेका. तेलाचा डाग कागदावर उमटला तर आमचं बोलणं संपलं.

नवीन पॅड बसवले की काम झालं असंही नाही. ते डिस्कवर बसावे लागतात. साधारण वीसेक वेळा थोडा वेग घ्यायचा आणि चाक घसरू न देता जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबायचा. तेव्हा पॅडचा पातळ थर डिस्कवर चढतो आणि ब्रेक खरा धरतो. आमच्याकडचा मुलगा तुमची सायकल घेऊन गल्लीत चकरा मारताना दिसला, तर तो मजा मारत नसतो. तेच काम करत असतो. शनिवारी संध्याकाळी आम्ही डिस्क ब्रेकचं काम घेत नाही त्याचं हे एक कारण. दुसरं कारण असं की प्रत्येक कंपनीच्या कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या भागाचा, पॅड वेगळ्या आकाराचा असतो. चालू मॉडेलचे पॅड आम्ही ठेवतो, बाकीचे मागवावे लागतात, आणि शनिवारी संध्याकाळी मागवायचे कुणाकडून?

ज्यांच्या सायकलला रिमवरचे रबरी ब्रेक आहेत त्यांनी हसू नये. रिमला तेल लागलं तर तोही ब्रेक घसरतो. फक्त रिम पुसून आणि रबर घासून काम भागतं, खर्च फार येत नाही.

मग चेनचं करायचं काय?

आधी त्या स्प्रेची बाजू मांडतो. डब्ल्यूडी-४० या नावातलं 'डब्ल्यूडी' म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणं. ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. १९५३ सालची गोष्ट. पाणी हटवायचं आणि अडकलेलं सोडवायचं काम तो स्प्रे उत्तम करतो. गंजून बसलेल्या नटबोल्टसाठी आमच्याही फळीवर तो असतो. पण तो पातळ असतो. चेनच्या आत जे थोडंफार जुनं तेल शिल्लक असतं तेही तो धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. म्हणून पहिल्या रविवारी चेन छान चालते आणि दुसऱ्या रविवारी चिवचिवते.

घरी करायचं असेल तर जुना बनियन घ्या. कोरडाच. चेन त्यात धरून पायडल उलटं फिरवा, काळं निघेल तेवढं निघू द्या. मग चेनच्या तेलाची बाटली घेऊन, खालच्या बाजूच्या चेनवर, आतल्या अंगाने, कड्यांमधल्या प्रत्येक फिरत्या रोलरवर एकच थेंब. शंभरावर कड्या असतात, त्यामुळे कंटाळा येतो. चहा घेऊन बसा. पाच मिनिटांचं काम आहे. रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी बाहेरचं तेल दुसऱ्या फडक्याने पुसून टाका. हो, आत्ताच लावलेलं तेल पुसायचं. तेल रोलरच्या आत हवं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ पकडतं, आणि घोडबंदर रोडची धूळ तेलात मिसळली की जो काळा लेप तयार होतो तो पॉलिश पेपरसारखा चेन खातो. दोन फडकी वेगळी ठेवा आणि त्यातलं कुठलंही डिस्कला लावू नका. बोटंही नकोत.

खोबरेल तेलाबद्दल दर वर्षी कुणीतरी विचारतं. केसांना लावा. साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं, डिसेंबरच्या पहाटे चेनमध्ये मेण भरल्यासारखं होईल. मोटारसायकलचं इंजिन ऑइल चालतं, पण जाड असतं आणि धूळ फार धरतं. आम्ही दोन प्रकारच्या तेलाच्या छोट्या बाटल्या ठेवतो, पावसाळ्यासाठी घट्ट आणि आत्तासाठी पातळ. आत्ता पातळ न्या. एक बाटली घरातल्या दोन सायकलींना पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरावी. लवकर संपली तर तुम्ही जास्त घालताय.

गंज वरवरचा असेल तर एवढ्याने भागतं. कड्या वाकताना अडत असतील, किंवा चेन वाढली, म्हणजे झिजून लांबली असेल, तर नाही. चेन वाढलीय का ते आम्ही सांगतो म्हणून मानू नका, स्वतः मोजा. घरातली स्टीलची पट्टी चेनवर धरा. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवलं तर पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेली असेल तर उशीर झाला. तोवर जुन्या चेनने कॅसेटचे दातही झिजवलेले असतात आणि नवी चेन त्यावर उड्या मारते. वेळेवर बदललेली चेन स्वस्त पडते, एवढा आमचा धंदा आम्ही तोट्यात घालून सांगतोय.

हवेचं थोडक्यात. चार महिने उभ्या सायकलची हवा जातेच, ते पंक्चर नसतं. टायरच्या अंगावर पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा, छापलेला असतो, त्या मर्यादेत भरा. टायर बाजूने चिरलेला दिसला तर आधी दाखवा. आमच्याकडे हवा भरायला पैसे नाहीत, फक्त निमुळता फ्रेंच व्हॉल्व्ह असेल तर स्वतः खटपट करू नका, पिन वाकते.

गाडीच्या डिकीत सायकल घालायला चाक काढत असाल आणि ब्रेक हायड्रॉलिक (तारेऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा) असेल, तर चाक बाहेर असताना लीव्हर दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात, मग चाक परत बसत नाही. मुलं मागच्या सीटवरून नेमकं तेच करतात. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा जाडसर तुकडा सरकवून ठेवा.

आणि दसरा. खंडेनवमीला आमच्या पान्यांची, पंपाची पूजा होते, तुमच्या सायकलचीही व्हायलाच हवी. पण हार हँडलला घाला, चाकाला नको. झेंडूची फुलं सुकून पडतात आणि दोरा कॅसेटमध्ये गुंडाळला जातो. तो आम्ही चिमट्याने काढतो, अर्धा तास जातो, आणि त्याचे पैसे मागायला आम्हालाच लाज वाटते. हळदकुंकवाचं बोट फ्रेमला लावा. डिस्कला लावलेलं आम्ही पाहिलंय, तुपाचं होतं.

पहिल्या रविवारी कुठे जायचं, हेही लोक विचारतात. आमचं मत: येऊर नको. पहिली राइड सपाटीवर करा, म्हणजे ब्रेक आणि मांड्या दोन्हींची परीक्षा होते. ठाणे-बेलापूर रोडने खाली उतरून पाम बीच रोड गाठा. वाशी ते बेलापूर साधारण १० किलोमीटर, एकही चढ नाही. फक्त गाड्या तिथे सुसाट असतात, म्हणून डाव्या कडेने आणि मागे लाल दिवा लावूनच. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि नऊ वाजता ऊन पाठीवर बसायला लागतं, त्यामुळे उजाडता उजाडता निघालात तर अडीच तास छान मिळतात. घोडबंदर रोडला अवजड वाहनं असतात, गायमुखच्या पुढे तर फारच. एकट्याने जाऊ नका. ब्रेकची खात्री पटली की मग येऊर. पाऊस नुकताच गेलेला असतो, झाडी हिरवीगार असते, वरच्या वळणांवर हवा चक्क गार लागते. ठाण्याला हे सुख दाराशी आहे. अंधारात मात्र जाऊ नका, तो बिबट्यांचा रस्ता आहे, आणि वनखात्याच्या चौकीवर जे सांगतील ते ऐका. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून दाबा. मग मामलेदारची मिसळ खायला हरकत नाही, पण सायकल नजरेसमोर लावा.

आता आमच्या वेळा. सोमवार ते बुधवार आणलीत तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सायकल मिळते. नुसतं ब्रेक आणि चेन तपासायला आणलीत तर पैसे घेत नाही, मोजून दाखवतो, काय करायचं ते तुम्ही ठरवा. धुणं, चेन साफ करून तेल, गियर जुळवणं आणि चाकांचा आउट काढणं (चाक डगमगतं ते सरळ करणं), हे सगळं मिळून पावसाळ्यानंतरचं सर्व्हिसिंग होतं. दर काउंटरवर लावले आहेत. घरी स्प्रे मारला असेल तर आणतानाच सांगा. आम्ही थोडं ओरडू, पण कॅलिपर उघडून कारण शोधत बसायचा आमचा एक तास आणि तुमचा एक दिवस वाचेल.

सायकल ठेवताना पाण्याची बाटली, दिवे, मोबाइलचा स्टँड काढून न्या. आणि कुलपाची किल्ली द्यायला विसरू नका. दर दिवाळीत दोन-तीन सायकली आमच्याकडे चाकाला कुलूप लावून उभ्या असतात, किल्ली मालकाच्या खिशात आणि मालक गावाला.