६१७४ आणि दहाचा पाया

संख्यांच्या गमती शोधणारे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर मूळचे डहाणूचे. १९०५ साली त्यांचा जन्म झाला तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला आणि ‘कापरेकर आमचे’ हा ठाणेकरांचा दावा जरा लंगडा पडला. तरी माध्यमिक शिक्षण त्यांनी ठाण्यातच घेतले, आणि १२१, १२३२१ अशा त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांना नाव मिळाले ते तेव्हाच्या जीआयपी (आजच्या मध्य) रेल्वेवरच्या डोंबिवली स्टेशनावरून. पुढे १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तरकी.

त्यांची सर्वांत गाजलेली संख्या ६१७४, साल १९४९. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. त्यांचे जन्मवर्षच घेऊ: ९५१० − ०१५९ = ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. तिथून हलायचे नाव नाही. सातांपेक्षा जास्त वजाबाक्या कोणत्याच संख्येला लागत नाहीत.

त्या काळी पुष्कळांनी याला करमणुकीचे गणित म्हणून बाजूला सारले. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. हा गुण संख्येचा की ती दहाच्या पायावर, म्हणजे दर दहाला पुढचे घर धरून, लिहिण्याच्या आपल्या सवयीचा? १९४९ मध्ये रुपयाचे आणे सोळा होते आणि आण्याचे पैसे चार. दशमान नाणी आली ती १ एप्रिल १९५७ ला. म्हणजे ज्या बाजारात सोळांनी हिशेब चाले, तिथे दहाला खास मान का द्यायचा, असे कुणी विचारले असते तर उत्तर द्यावेच लागले असते.

पाया बदलला की डेम्लो संख्या फारशा डगमगत नाहीत. १२१, १२३२१ हे ११ आणि १११ यांचे वर्ग. दहाच्या पायावर हा मनोरा नऊ एक्क्यांपर्यंत टिकतो आणि दहाव्याला हातचा येऊन कोसळतो. बाराच्या पायावर तो अकरा एक्क्यांपर्यंत जातो, पाचाच्या पायावर चारांपर्यंतच.

६१७४ चे प्रकरण जास्त नाजूक आहे. चाराच्या पायावर काही संख्या ३०२१ वर थांबतात, तर काही १३३२ आणि २०२२ यांच्यात कायम हेलपाटे घालतात. पाचाच्या पायावर मात्र सगळ्या ३०३२ वर येतात.

मग असे पाये नेमके किती? हे १९७८ मध्ये निकाली काढले ते गॉर्डन प्रिचेट आणि हेल्मुट हासे यांनी. हासे म्हणजे विसाव्या शतकातले जर्मनीचे मातब्बर गणिती, संख्या-सिद्धांतातले. करमणूक म्हणून हिणवलेल्या प्रश्नात त्यांनी हात घातला याचे मला विशेष वाटते. उत्तर असे: चार अंकांसाठी सगळ्यांना ओढून घेणारी एकच संख्या हवी, तर पाया ५, १०, ४०, १६०, ६४० या मालिकेतलाच हवा. दहानंतर दर वेळी चौपट.

पाया पाचाच्या पटीत असला की एक स्थिर संख्या, म्हणजे वजाबाकीनंतरही तीच राहणारी, मिळतेच. पाया ५क धरला, तर तिचे अंक ३क, क−१, ४क−१, २क. क = २ ठेवा, ६, १, ७, ४ आलेच. चाळीसाच्या पायावर, जिथे एकेक अंक ३९ पर्यंत जातो, तेच २४, ७, ३१, १६ होतात. विसाच्या पायावरही १२, ३, १५, ८ ही स्थिर संख्या आहे, पण १४, ९, ९, ६ पासून निघालात तर सहाव्या वजाबाकीला पुन्हा १४, ९, ९, ६ वरच परत येता.