फास्ट रिफ्रॅक्टरची परीक्षा कोपऱ्यात का होते

फास्ट रिफ्रॅक्टरने (कमी वेळात उजळ प्रतिमा देणाऱ्या, भिंगाच्या दुर्बिणीने) काढलेला आकाशाचा चाचणीचा फोटो समोर आला की जाणती मंडळी आधी चारही कोपरे मोठे करून बघतात. तिथले तारे गोल आहेत, लांबुळके झालेत की त्यांना पंख फुटलेत? मधोमध तारा टिपणं साध्या भिंगालाही जमतं. कोपरा सांभाळणं हे मात्र जवळजवळ दोनशे वर्षांचं जुनं दुखणं आहे, आणि ते वेधशाळेतून नाही, माणसांचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओतून आलेलं आहे.

१८४० मध्ये व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्झवाल यांनी गणित मांडून सुमारे एफ/३.६ चं (म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या ३.६ पट; हा आकडा जितका लहान तितकं भिंग ‘फास्ट’) पोर्ट्रेट भिंग तयार केलं. तोवरच्या मंद भिंगांसमोर माणसाला कितीतरी वेळ न हलता बसावं लागे. पेट्झवालच्या भिंगाने तो वेळ एकदम खाली आणला. त्याची प्रतिमा मध्यभागी लख्ख आणि कडांना विरघळलेली असे. चेहऱ्यासाठी ते चालून जाई, कडेला असतो तो पडदा नाहीतर खुर्चीचा हात. आकाशाच्या फोटोत मात्र कडेलाही तारेच असतात.

तरीही आकाशाकडे आधी वळली ती हीच भिंगं. १८८२ चा मोठा धूमकेतू दक्षिण आफ्रिकेत केप इथे खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड गिल यांनी टिपला, तो एका स्थानिक छायाचित्रकाराचा कॅमेरा दुर्बिणीवर बसवून. धूमकेतूच्या मागे इतके तारे उमटले की फोटोवरूनच साऱ्या आकाशाचा नकाशा करावा, ही कल्पना पुढे आली. १८८७ मध्ये पॅरिसला त्या प्रकल्पाचा निर्णय झाला. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनेही आपल्या वाट्याचे पट्टे त्यात पूर्ण केले (मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता). पण या नकाशासाठी ठरलेल्या दुर्बिणी ३३ सेंटिमीटर व्यासाच्या आणि एफ/१० च्या आसपासच्या होत्या. ताऱ्यांची जागा मोजायला त्या उत्तम, पण पसरट आणि अंधूक तेजोमेघांना त्यांचा फारसा उपयोग नव्हता.

तेजोमेघांची वाट धरली अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी. नॅशव्हिलमध्ये जन्मलेला हा मुलगा नऊ वर्षांचा व्हायच्या सुमारास घरच्या गरिबीमुळे फोटो स्टुडिओत कामाला लागला. तिथला भलामोठा एन्लार्जर (फोटो मोठा करून छापायचं यंत्र) सूर्यप्रकाशावर चालायचा, आणि सूर्य सरकेल तसा तो हाताने सरकवत राहणं हे त्याचं काम. आज ज्याला आपण गायडिंग (ताऱ्यांच्या चालीबरोबर दुर्बीण सरकवत राहणं) म्हणतो, त्याचा धडा त्याने लहानपणी सूर्यावर गिरवला होता. पुढे कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत त्याच्यासमोर ३६ इंची रिफ्रॅक्टर होता, त्या काळी जगात सर्वांत मोठा. तरी आकाशगंगेचे फोटो बर्नार्डने घेतले ते ६ इंची जुन्या पोर्ट्रेट भिंगाने, १८८९ पासून, तासन्‌तास डोळा लावून आणि हाताने दुर्बीण सावरत.

मोठी दुर्बीण बाजूला का? ठिपक्यासारख्या ताऱ्यासाठी भिंगाचा व्यास मोलाचा असतो. पसरलेल्या तेजोमेघाची प्लेटवरची (तेव्हाच्या फोटोच्या काचेवरची) उजळता मात्र नाभीय अंतर आणि व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरते. ३६ इंची दुर्बीण एफ/१९ च्या घरात, पोर्ट्रेट भिंग एफ/५ च्या. म्हणजे तेजोमेघाचा प्रकाश प्लेटच्या तेवढ्याच जागेवर जवळपास चौदा पट दाट पडणार. शिवाय आकाशाचा कितीतरी मोठा तुकडा एका प्लेटवर मावणार. १८९२ मध्ये बर्नार्डने याच पद्धतीने फोटोवरून शोधलेला पहिला धूमकेतू मिळवला. आकाशगंगेतल्या काळ्या डागांची (धुळीचे ढग मागचा प्रकाश अडवतात तिथे दिसणाऱ्या) १८२ नोंदींची त्याची यादी १९१९ ची. माझ्या मते वाइड-फील्डचं, म्हणजे आकाशाचा मोठा तुकडा एकदम टिपण्याचं, खरं काम तिथे दिसतं, कारण लहान चौकटीत हे डाग नुसते ‘तारे नसलेली जागा’ वाटतात.

पुढचा अडसर रंगांचा. बर्नार्डच्या प्लेटला मुख्यतः निळा-जांभळा प्रकाशच कळत असे, म्हणून भिंग तेवढ्यापुरतं सुधारलं की भागत होतं. रंगीत फिल्म आणि नंतर डिजिटल सेन्सर आल्यावर लाल, हिरवा, निळा एकाच जागी फोकस होणं भाग पडलं, आणि भिंग जितकं फास्ट तितकं ते अवघड. फ्लोराइट या स्फटिकाचा रंग एकत्र आणण्याचा गुण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८८६ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकात वापरला होता, पण नैसर्गिक स्फटिक लहान. कॅननने कृत्रिम स्फटिक वाढवून १९६९ मध्ये फ्लोराइटची कॅमेरा-लेन्स आणली. त्यानंतर जपानच्या ताकाहाशीने हा स्फटिक दुर्बिणीत आणला, आणि फ्लोराइटच्या जवळ जाणारी ईडी काचही मिळू लागली. ताकाहाशीची एफएसक्यू-१०६ ही १०६ मिलिमीटर व्यासाची, एफ/५ ची दुर्बीण पेट्झवालच्याच वंशातली: पुढे एक भिंगगट, मागे लांबवर दुसरा. फरक असा, की इथे मागचा गट कोपरे सपाट करण्यासाठीच ठेवलेला असतो.

एफ/१० वरून एफ/५ वर आलं की फोकसमधली चूक खपवून घेण्याची मर्यादा चौपट कमी होते. रात्री तापमान उतरलं की नळी आकसते आणि फोकस हलतो. सेन्सर किंचित तिरका असला तर एकाच बाजूचे कोपरे बिघडतात. म्हणून चारही कोपरे सारखेच वाईट असतील तर मी आधी मागच्या गटापासून किंवा फ्लॅटनरपासून (कडा सपाट करणाऱ्या जोडभिंगापासून) सेन्सरपर्यंतचं अंतर तपासेन. एकच बाजू वाईट असेल तर कॅमेऱ्याची जोडणी. भिंगाला दोष त्यानंतर.

या लहान, फास्ट दुर्बिणींच्या उपयोगाबद्दल शंका असेल तर २०२२ ची एक गोष्ट पाहावी. देवयानी दीर्घिकेचे त्याआधी असंख्य फोटो निघाले होते. फ्रान्समधल्या हौशी निरीक्षकांनी १०६ मिलिमीटरच्या रिफ्रॅक्टरने ऑक्सिजनच्या प्रकाशात रात्रीमागून रात्री ती टिपली, आणि तिच्या शेजारी सुमारे दीड अंश लांबीची अंधूक निळसर कमान उमटली. पूर्ण चंद्र आकाशात अर्धा अंश दिसतो; ही कमान त्याच्या तिप्पट लांब, आणि तोवर कुणाच्याच नजरेस आलेली नव्हती.